सर चंद्रशेखर वेंकट रामन : कचेरी आणि प्रयोगशाळा

आपल्या जुन्या मराठी घरांतून सरकारी नोकरीला फार मान. दरबार गेले, पण बांधलेल्या पगाराचा हा मान कमी झाला नाही. म्हणूनच रामन यांच्या चरित्रातील १९०७ ते १९१७ ही दहा वर्षे मला त्यांच्या नोबेल पारितोषिकापेक्षाही बोलकी वाटतात.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, तिरुचिरापल्लीचा. वडील गणित व पदार्थविज्ञानाचे अध्यापक. ते व्हायोलिनही चांगले वाजवीत. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ साली रामन सुवर्णपदक मिळवून बी. ए. झाले. १९०६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांचा प्रकाशावरील निबंध लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’मध्ये छापून आला. पण त्या काळी हिंदुस्थानात संशोधनावर पोट भरण्याची सोय जवळजवळ नव्हती, आणि प्रकृतीमुळे डॉक्टरांनी विलायतेस जाण्याची मनाई केली होती. तेव्हा १९०७ साली ते अर्थखात्याची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले व कलकत्त्यास असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून रुजू झाले.

अनेकांचे शास्त्र येथेच संपते. रामन यांचे संपले नाही. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेली विज्ञानसंस्था बऊबाजारात होती. कचेरीपूर्वी सकाळी आणि कचेरी सुटल्यावर रात्रीपर्यंत ते तेथे प्रयोग करीत. १९०९ साली रंगूनला व १९१० साली नागपूरला बदली झाली. तेथे घरीच प्रयोग चालू राहिले. १९११ मध्ये ते कलकत्त्यास परतले.

नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होती. त्याच प्रांतातले, नागपूर-छिंदवाडा मार्गावरचे रामाकोना आज पांढुर्णा जिल्ह्यात आहे. तेथे माझ्या मावशीचे घर आहे. तिच्या नातवाला पदार्थविज्ञान शिकायचे आहे. वडीलधाऱ्यांना मात्र त्याने आधी नोकरीच्या परीक्षा द्याव्यात असे वाटते. त्यांनी माझा सल्ला विचारला आहे.

गाणे शिकवणाऱ्याला हे कशाला विचारावे, असे कोणी म्हणेल. पण रामन यांचे बरेच काम आमच्याच वाद्यांवर आहे. साध्या चामड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. मृदंगाच्या मधोमध शाई दिली की ते मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा सुरेल प्रमाणात बसतात, हे त्यांनी १९२० साली दाखवून दिले. पुढच्याच वर्षी तंबोऱ्याची रुंद घोडी आणि जवारीचा दोरा यांमुळे तारेचा झंकार भरदार कसा होतो, याचा उलगडा त्यांनी केला. माझे वडील दरबारी पखवाजी; शाईचा थर त्यांच्या बोटांना कळे. त्याचे कारण मला रामन यांच्या लेखनात सापडले.

१९१७ साली सर आशुतोष मुखर्जी यांनी कलकत्ता विद्यापीठातील पालित प्राध्यापकपद देऊ केले. पगार जवळजवळ निम्म्यावर येत होता. तरी रामन यांनी सरकारी नोकरी सोडली. पुढे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, के. एस. कृष्णन यांच्या साहाय्याने, पारदर्शक पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशाचा काही अंश आपला रंग बदलतो, हा शोध लागला आणि १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळूरला ते निवर्तले.

या चरित्रावरून मावशीच्या घरच्यांनी आधी नोकरी, मग शास्त्र असा अर्थ काढू नये. रामन यांनी नोकरी धरली ती दुसरी वाट नव्हती म्हणून. शिवाय पदवी, सुवर्णपदक आणि छापलेला निबंध हाती घेऊनच ते कचेरीत शिरले होते, आणि कलकत्त्यात प्रयोगशाळा जवळ होती. तालुक्याच्या गावी नोकरीला लागलेल्या मुलाला संध्याकाळी तशी प्रयोगशाळा कोठून मिळणार? उलट आज पुण्याला २००६ पासून आणि भोपाळला २००८ पासून केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आहेत. बारावीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन तेथे पाच वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. पुढे डॉक्टरेटची वर्षे आणि तुटपुंजी शिष्यवृत्ती आहे, हेही घरच्यांनी आताच समजून घ्यावे.

मी मावशीला एवढेच कळवले आहे, की मुलाला भोपाळची परीक्षा देऊ द्या. नोकरीच्या परीक्षा पदवीनंतरही देता येतात.