पलटणीतून चळवळीकडे : गोपाळबाबा वलंगकर

सैनिक पेन्शनीत निघाला की त्याची लढाई संपली, असे आपण समजतो. गोपाळबाबा वलंगकर यांची खरी लढाई पेन्शनीत निघाल्यावरच सुरू झाली. बाबासाहेबांच्या जन्माआधी अस्पृश्यतेला लेखी जाब विचारणारा हा महार हवालदार आजही आपल्या घराघरात पोहोचलेला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

महाडजवळचे रावढळ हे त्यांचे गाव. गावात महाराच्या वाट्याला मेलेली गुरे ओढणे आणि शिळी भाकरी. इंग्रजांच्या मुंबई फौजेत मात्र त्याच्या हाती बंदूक आली. १८१८ साली भीमा कोरेगावला पडलेल्या महार शिपायांची नावे तिथल्या विजयस्तंभावर कोरलेली आहेत. फौजेत पगार होता, हुद्दा होता आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे पलटणीची शाळा होती. मनुवादी व्यवस्थेने नाकारलेले अक्षर तिथे मिळाले.

१८८६ साली गोपाळबाबा निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. दापोलीत महार पेन्शनरांची मोठी वस्ती होती. सुभेदार रामजी सकपाळही पुढे काही काळ तिथेच राहिले. गोपाळबाबांवर महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांचा संस्कार झाला होता. त्यांनी अनार्य दोष परिहारक मंडळी स्थापन केली, ‘दीनबंधू’ आणि ‘सुधारक’ या पत्रांतून लिखाण केले. ‘विटाळ विध्वंसन’ या पुस्तिकेत तर त्यांनी धर्माच्या ठेकेदारांपुढे थेट प्रश्नच मांडले. विटाळ आला कुठून आणि कोणत्या आधारावर, हे विचारण्याची हिंमत त्या काळी सोपी नव्हती.

पुढे १८९० नंतर इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’चे खूळ काढून महारांची भरती बंद केली. ज्यांच्या रक्तावर राज्य मिळवले त्यांनाच दार बंद! गोपाळबाबांची स्वतःची पेन्शन चालूच होती. तरीही पुढच्या पिढीसाठी त्यांनी १८९४ मध्ये सरकारकडे दाद मागणारा अर्ज तयार केला. पेन्शन खाऊन गप्प बसणाऱ्यांपैकी ते नव्हते.

१८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. एक महार कारभारात शेजारी बसणार, म्हणून सवर्ण सभासदांचा पोटशूळ उठला. १९०० साली गोपाळबाबा गेले. पुढे २० मार्च १९२७ रोजी त्याच महाडात बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या भूमीची पहिली नांगरट या हवालदाराने केली होती. महारांची भरती पहिल्या महायुद्धात तात्पुरती उघडली आणि अखेर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली.

आज भवानीनगर, बारामती, इंदापूर परिसरातली आपली पोरे पहाटे भरतीसाठी रस्त्यावर धावताना दिसतात. त्यांचे कौतुकच आहे. २०२२ पासूनच्या अग्निवीर योजनेत तर बहुतेकांना चार वर्षांनीच घरी परतायचे आहे. परतल्यावर काय? एखाद्या पुढाऱ्याच्या गाडीमागे फिरायचे, की गोपाळबाबांसारखे लिहायचे, संघटना बांधायची, ग्रामपंचायतीत मान ताठ ठेवून बसायचे? फौजेत मिळालेली शिस्त आणि निर्भयता समाजाच्या उपयोगी पडली, तरच त्या गणवेशाचे चीज होईल.

जय भीम!