कोइझुमी याकुमो : जपानला घर मानणारा परका

वरळीच्या जपानी बुद्ध मंदिराचा ढोल गिरणगावातल्या पुष्कळांच्या ओळखीचा. जपानचे नाव काढले की लोक भारावतात. कुणाला बागा आवडतात, कुणाला चहाचा विधी, हल्लीच्या पोरांना तिथली कार्टून. पण परक्या माणसाला जपानचा एवढा लळा का लागतो, हे आम्हांस उमगले ते एकाच माणसाचे चरित्र वाचून. ते म्हणजे लाफ्काडिओ हर्न. स्मरणिकेसाठी लिहायला सांगितले तेव्हा म्हटले, यांच्यावरच लिहू.

हर्न यांचा जन्म २७ जून १८५० रोजी ग्रीसमधल्या लेफ्काडा बेटावर झाला. त्या वेळी तिथे इंग्रजांचा अंमल होता. आई रोझा ग्रीक, वडील आयरिश, इंग्रजी फौजेत डॉक्टर. दोन वर्षांच्या पोराला घेऊन आई डब्लिनला सासरी आली. पण भाषा परकी, हवा परकी, तिचे मन रमले नाही. ती माघारी गेली ती गेलीच. बापाने ते लग्न रद्द करून घेतले, दुसरे केले आणि नोकरीवर हिंदुस्थानात निघून गेला. पोर एका म्हाताऱ्या नातेवाईक बाईच्या पदरात पडले. सोळाव्या वर्षी शाळेत खेळताना डावा डोळा गेला. पुढे त्या बाईचाही पैसा बुडाला आणि १८६९ मध्ये एकोणीस वर्षांचा हा मुलगा अमेरिकेत, सिनसिनाटी शहरात जाऊन पडला. तबेल्यातही झोपला. एका छापखानेवाल्या म्हाताऱ्याने आसरा दिला, तिथून वर्तमानपत्रात शिरकाव झाला.

१८७४ मध्ये त्यांनी मॅटी फोली या गुलामीत जन्मलेल्या बाईशी लग्न केले. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला ओहायो राज्यात कायद्याने बंदी होती. पुढच्याच वर्षी पेपरातली नोकरी गेली. पण खरे ते सांगितले पाहिजे, त्या बाईला हर्न यांनी शेवटपर्यंत साथ दिली नाही. १८७७ मध्ये ते न्यू ऑर्लिन्सला निघून गेले. मोठ्या माणसाच्या चरित्रात असले डाग आम्ही झाकत नाही.

चार एप्रिल १८९० रोजी ते योकोहामाला उतरले. एका मासिकासाठी लिहायला आले होते. त्यांच्याशी बिनसले आणि ऑगस्टमध्ये मात्सुए या लांबच्या गावी इंग्रजीचे मास्तर झाले. आता बघा, इथे त्यांनी काय पाहिले. किल्ले, राजवाडे नंतर. आधी त्यांनी कान दिला. पहाटे भात सडण्याचा ठोका, मग देवळाची घंटा, मग फेरीवाले, मग लाकडी पुलावरून जाणाऱ्या खडावांची खडखड. भोंग्यावर उठणाऱ्या आम्हांला हे लगेच कळते. गावाची ओळख आधी पहाटेच्या आवाजातून होते. रस्त्याच्या कडेला जिझो म्हणजे क्षितिगर्भ बोधिसत्त्वाच्या दगडी मूर्ती असत. मेलेल्या लेकरांचा तो राखणदार, म्हणून आया त्याच्यापुढे खडे रचतात. समुद्राकाठच्या एका गुहेत असे असंख्य खड्यांचे ढीग आहेत. होडीने जाऊन हर्न यांनी ते पाहिले आणि फार जिव्हाळ्याने लिहिले. ज्याची आई चौथ्या वर्षी सुटली त्याला तिथे काय वाटले असेल? आमच्या मते जपानच्या ओढीचे मूळ इथे आहे. बुद्धाची करुणा पोथीतून त्यांनी आधीच वाचली होती. इथे ती साध्या बायाबापड्यांच्या वागण्यात, बोलण्यात, वाकून नमस्कार करण्यात मुरलेली दिसली.

१८९१ मध्ये कोइझुमी सेत्सु यांच्याशी संसार सुरू झाला. सेत्सु सामुराई घराण्यातल्या, पण घराणे बुडालेले. शाळा सोडून अकराव्या वर्षापासून त्या मागावर बसत होत्या. म्हणजे आपल्याच कामातल्या की!

त्याच वर्षीच्या वसंतात हर्न यांनी एक गोष्ट केली, ती फार थोड्यांना ठाऊक असते. मात्सुएच्या बाहेर यामा-नो-मोनो म्हणून बहिष्कृतांची वस्ती होती. भंगार, चिंध्या, रद्दी यांवर पोट भरणारे हे लोक. १८७१ च्या हुकमाने जपानात अस्पृश्यता कागदावर संपली होती, पण विटाळ काही सुटला नव्हता. गावातले भले लोक तिकडे फिरकत नसत. हर्न गेले. घाण बघायला मिळेल अशी त्यांची समजूत होती, तर घरे नीटनेटकी निघाली. त्यांनी तिथल्या बायांची गाणी ऐकली आणि त्यांतल्या तीन पोवाड्यांचे इंग्रजी भाषांतर १८९६ च्या 'कोकोरो' या पुस्तकात घातले. मुंबईच्या गिरण्यांत आमच्या बापजाद्यांना साळखात्यात घेत नसत, कारण तिथे धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि सवर्णांना विटाळ होई. बाबासाहेबांनी तो प्रश्न १९२८ च्या संपात मांडला. म्हणून ही वस्ती आम्हांला परकी वाटली नाही.

तरी एक तक्रार आहेच. हर्न जुन्या जपानवर एवढे भाळले की नवे जपान त्यांना टोचू लागले. १८९४ ते ९६ ते कोबेला होते. १८९३ पासून मुंबईचा कापूस थेट बोटीने त्याच बंदरात उतरत होता. जवळच्या ओसाकाच्या गिरण्यांत मुली दिवसपाळी-रातपाळी त्याचे सूत काढत होत्या. ओसाकावर त्यांनी लिहिले, पण त्यांचे मन रमले ते देवळांत. परक्याचे प्रेम असेच असते. त्याला जे गोड लागले ते तसेच राहावे असे वाटते, आणि तिथे राबणाऱ्याला मात्र बदल हवा असतो.

१८९६ मध्ये बायकापोरांचा हक्क सुरक्षित राहावा म्हणून ते जपानी नागरिक झाले, कोइझुमी याकुमो झाले. (आपले भदन्त सुरेई ससाई उलट्या वाटेने आले, जपानमधून येऊन भारताचे नागरिक झाले.) टोकियोच्या शाही विद्यापीठात त्यांनी साहित्य शिकवले. विद्यार्थी जीव टाकत, तरी १९०३ मध्ये त्यांना काढले. पोरांनी आरडाओरडा केला, उपयोग झाला नाही. त्यांच्या जागी आलेल्यांत पुढे थोर कादंबरीकार झालेले नात्सुमे सोसेकी होते.

भुताखेतांच्या गोष्टींचे 'क्वाइदान' १९०४ मध्ये आले. रात्री दिव्याची वात बारीक करून सेत्सु गोष्ट सांगत. पुस्तक बघून वाचायचे नाही, स्वतःच्या शब्दांत सांगायचे, असा हर्न यांचा हट्ट. नवराबायकोची मोडक्यातोडक्या जपानीची एक वेगळीच भाषा घरात तयार झाली होती. सेत्सु यांनी इंग्रजी शब्द जपानी अक्षरांत लिहून पाठ केले, ती वही आजही जपून ठेवलेली आहे.

टोकियोत घराजवळ कोबुदेरा नावाचे जुने बुद्ध मंदिर होते. हर्न तिथे रोज फिरायला जात. पुढे तिथली तीन जुनी देवदाराची झाडे तोडली, तेव्हा त्यांना फार लागले. २६ सप्टेंबर १९०४ रोजी हृदयविकाराने ते गेले, वय चोपन्न. अंत्यसंस्कार बौद्ध पद्धतीने, त्याच कोबुदेरात झाले. झोशिगाया स्मशानभूमीत त्यांची कबर आहे. दगडावर कोइझुमी याकुमो हे नाव आहे. १९३२ मध्ये सेत्सु गेल्या, त्याही तिथेच शेजारी आहेत.