शिक्षक कोण घडवणार? मॅट्रिक न झालेल्या कर्मवीरांनी कॉलेज कसे उभारले?

इचलकरंजी : घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जात असेल, तर त्याला शिकवणाऱ्यांनाही नव्याने शिकावे लागते. प्राध्यापकांनी त्यासाठी एकत्र बसावे, असा विचार आज विद्यापीठांत मांडला जातो. शिक्षक कुठून येतो आणि कसा घडतो, या प्रश्नाला हातकणंगले तालुक्यातील कुंभोज येथे जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी खूप आधी हात घातला होता.

वसतिगृहातून का काढले?
भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहत. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर शुद्धीची आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. पुढे मॅट्रिकही झाले नाही. किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी ते गावोगाव फिरले.

रयत शिक्षण संस्था कशी सुरू झाली?
कराड तालुक्यातील काले येथे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह निघाले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि कामेही स्वतःच करत. मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले.

शिक्षकांचे काय?
शाळा वाढवायच्या तर खेड्यातील मुलांना आपले मानणारा शिक्षक हवा होता. म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले, तर १९५५ मध्ये आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन. वसतिगृहात वाढलेली मुलेच पुढे संस्थेत शिकवू लागली. त्यातील काही आजीव सेवक झाले. पी. जी. पाटील हे त्यातले ठळक नाव. इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन ते परतले, संस्थेत शिकवू लागले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

कॉलेजात फी कोण भरणार?
१९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. ‘कमवा आणि शिका’ योजनेत श्रम हीच विद्यार्थ्याची फी होती. पुढच्याच वर्षी सरकारशी वाद होऊन संस्थेचे अनुदान थांबले. लोकांच्या मदतीवर शाळा तगल्या, नंतर अनुदानही पुन्हा मिळू लागले.

आज त्याचा अर्थ काय?
१९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने भाऊरावांना डी.लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. आज संस्थेच्या ७०० हून अधिक शाखा आहेत. प्रवेश खुला केला की काम संपत नाही, हे त्यांच्या कामातून दिसते. बाकावरचा मुलगा उद्या फळ्यापाशी उभा राहिला, तरच वर्ग सर्वांचा होतो.