एजी त्सुबुराया: गॉडझिलासमोर हेलिकॉप्टर उडवणारा माणूस

जुने जपानी राक्षसपट बघताना माझं लक्ष राक्षसापेक्षा त्याच्याभोवती घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरकडे जास्त असतं. १९६२ च्या ‘किंग काँग विरुद्ध गॉडझिला’मध्ये हिमनग फोडून बाहेर येणारा गॉडझिला हेलिकॉप्टरमधूनच दिसतो. पुढे बेशुद्ध काँगला फुग्यांनी उचलून फुजी पर्वताकडे नेतात, तिथेही हेलिकॉप्टर आहेच. ही दृश्यं उभी करणारे स्पेशल इफेक्ट्सचे दिग्दर्शक म्हणजे एजी त्सुबुराया.

त्यांचा जन्म १९०१ चा, फुकुशिमातल्या सुकागावाचा. लहानपणापासून विमानांचं वेड. १९१६ मध्ये ते हानेदाच्या विमानशाळेत दाखल झाले, पण पुढच्याच वर्षी तिथले प्रशिक्षक विमान अपघातात गेले आणि शाळा बंद पडली. पायलट व्हायचं राहूनच गेलं. मग खेळण्यांच्या कंपनीत काम केलं आणि १९१९ मध्ये सिनेमात शिरले. १९३३ चा ‘किंग काँग’ पाहून ते इतके भारावले, की त्याची प्रिंट मिळवून एकेक फ्रेम तपासत बसले. आपल्या भाषेत सांगायचं तर रिव्हर्स इंजिनिअरिंग!

आता थोडं गणित. गॉडझिलाच्या सेटवरच्या बऱ्याच इमारती १/२५ मापाच्या होत्या. पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळावर ठरतो, म्हणजे छोटी इमारत पाचपट लवकर कोसळते आणि खेळण्यासारखी दिसते. उपाय काय? सेकंदाला २४ ऐवजी १२० फ्रेम्स घ्यायच्या आणि नेहमीच्या वेगाने दाखवायच्या. इमारत लगेच ‘जड’ वाटायला लागते.

पण त्याच फ्रेममध्ये हेलिकॉप्टर असेल तर? त्याची पातीही पाचपट मंदावणार. म्हणून मॉडेलची मोटर तेवढीच जोरात फिरवावी लागते. उडायचं काम पात्यांना नसतंच, मॉडेल बारीक तारांवर लटकलेलं असतं. तारा लपवायची त्सुबुरायांची एक युक्ती तर भन्नाट होती: विमान उलटं टांगायचं आणि कॅमेराही उलटा करायचा. पडद्यावर तारा विमानाच्या खाली येतात आणि प्रेक्षक तिकडे बघतच नाही.

या कौशल्याला दुसरी बाजूही आहे. १९४२ मध्ये जपानी नौदलासाठी काढलेल्या प्रचारपटात त्यांनी पर्ल हार्बरवरचा हल्ला मॉडेल्स वापरून हुबेहूब उभा केला. युद्धानंतर, १९४८ मध्ये, अशाच कामामुळे त्यांना तोहो स्टुडिओतून काढण्यात आलं. बंदी उठल्यावर ते परतले आणि १९५४ मध्ये इशिरो होंडांच्या ‘गॉडझिला’चे इफेक्ट्स केले. तंत्र तेच, मॉडेल्स तशीच. पण इथे हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी जागा झालेल्या राक्षसापुढे रणगाडे आणि जेट विमानं हतबल ठरतात. ओडो बेटावर आलेलं हेलिकॉप्टर तर एका वादळी रात्रीत मोडून पडतं.

कोड लिहिताना मला हे नेहमी आठवतं. टूल चांगलं की वाईट, हे टूल ठरवत नाही. ते कशासाठी वापरलं, यावरच सगळं ठरतं.

१९६३ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली, १९६६ मध्ये तिथूनच ‘अल्ट्रामॅन’ आला. २५ जानेवारी १९७० रोजी ते गेले. पुढच्या वेळी असा सिनेमा लावलात, तर राक्षस बाजूला ठेवा आणि हेलिकॉप्टरच्या पात्यांचा वेग बघा. मापाचा हिशोब जमलाय की नाही, लगेच कळेल!