बाळू पालवणकर: बॉलिंगला आत, चहाला बाहेर

भातकापणी झाली की पेण-रोह्याच्या शेतांत क्रिकेट सुरू होतं. गावोगावच्या टीम उतरतात. पण सव्वाशे वर्षांपूर्वी टीममध्ये कुणाला घ्यायचं, हे जात बघून ठरायचं.

बाळू पालवणकर त्या काळातले. जन्म धारवाडचा, चर्मकार कुटुंबातला. १८९० च्या दशकात ते पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर मैदानाची देखभाल करायचे. साहेबांना सराव म्हणून तासन् तास डावखुरी फिरकी टाकायचे. बॅटिंग मात्र साहेबांचीच.

पुण्याच्या हिंदू क्लबला याच साहेबांना हरवायचं होतं. म्हणून वाद झाला, तरी बाळूंना घेतलं. मैदानात सगळे एकत्र. चहाच्या वेळी बाळू बाहेर, हातात मातीचं भांडं.

पुढे ते मुंबईत हिंदूंच्या संघातून खेळले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर विकेट काढल्या. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं.

१९५५ मध्ये बाळू गेले. विकेट काढणारा हवा, पण कॅप्टन नको, हा हिशोब मोडायला एका घरातले दोन भाऊ खर्ची पडले.