गरिबांच्या मुलांचे गुरु : संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल

शाळेच्या पहिल्या वर्गांत बसलेल्या मुलास तेथील सर्व व्यवस्था स्वाभाविक वाटते. सारख्या तयारीचीं मुलें एकत्र बसतात, शिक्षक सर्वांस एकच पाठ देतात, आणि वाचनाचा आरंभ आपल्याच भाषेंत होतो. यांत विशेष तें काय, असें त्यास वाटावें. परंतु ही व्यवस्था कोणासहि आयती मिळालेली नाहीं. तिच्यासाठीं थोर पुरुषांनीं धन, मान व घरदार यांवर पाणी सोडलें आहे. अशांपैकीं एकाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

जॉन बॅप्टिस्ट द ला साल यांचा जन्म फ्रान्समधील रँस शहरीं ता. ३० एप्रिल १६५१ रोजीं झाला. वडील न्यायाधिकारी होते व घराणें सधन होतें. सोळावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, १६६७ सालीं, रँसच्या कॅथीड्रलांतील कॅनन हें मानाचें व उत्पन्नाचें पद त्यांस मिळालें. १६७० सालीं ते धर्मशिक्षणासाठीं पॅरिस येथें गेले. परंतु १६७१ सालीं मातोश्री व १६७२ सालीं वडील निवर्तले, आणि धाकट्या भावंडांचा भार शिरावर घेण्यासाठीं त्यांस परतावें लागलें. तशाहि स्थितींत अभ्यास न सोडतां ते १६७८ सालीं धर्मगुरु झाले व १६८० सालीं त्यांनीं ईश्वरविद्येंतील डॉक्टरची पदवी संपादन केली.

१६७९ सालीं आद्रियें नियेल नांवाचे एक गृहस्थ गरिबांच्या मुलांसाठीं मोफत शाळा काढण्याच्या हेतूनें रँस येथें आले. ला साल यांनीं त्यांस केवळ सौजन्य म्हणून साह्य केलें. शाळा निघाल्या खऱ्या, पण शिक्षक अल्पशिक्षित, विस्कळित व निरुत्साही होते. शिक्षक सुधारल्यावांचून शाळा सुधारणार नाहीं, हें ला साल यांच्या ध्यानीं आलें. त्यांनीं प्रथम शिक्षकांस आपल्या पंक्तीस बसविलें, आणि १६८१ च्या जून महिन्यांत आपल्याच घरीं राहावयास आणिलें. कुलीन घरांत असल्या लोकांचा वास, हें आप्तांस सहन झालें नाहीं. मोठा कलह झाला. तेव्हां १६८२ सालीं ला साल यांनीं वडिलोपार्जित घराचा त्याग केला व ते शिक्षकांसह दुसऱ्या घरीं राहूं लागले.

तरीहि एक अंतर उरलेंच होतें. ईश्वरावर भरंवसा ठेवा, असा उपदेश ते करीत. परंतु शाळा बंद पडल्यास आम्हीं खावें काय, आपणांस तर उत्पन्न आहे, असें शिक्षकांनीं त्यांस सुनावलें. हा बोल त्यांस खरा वाटला. १६८३ सालीं त्यांनीं कॅननपद सोडलें, आणि तेंहि सख्ख्या भावास न देतां एका गरीब धर्मगुरूस दिलें. पुढें दुष्काळ पडला, तेव्हां आपली संपत्ति भुकेलेल्यांस भाकरी वाटण्यांत खर्ची घातली. यानंतर शिक्षकांत व त्यांच्यांत भेद उरला नाहीं. यांतूनच ख्रिस्ती शाळांच्या बंधूंचा संघ उदयास आला.

आतां त्यांच्या शाळेंत नवीन मूल काय शिके तें पाहूं. त्या काळीं पुष्कळ ठिकाणीं शिक्षक एकेका मुलास जवळ बोलावून शिकवी व इतर मुलें रिकामीं बसत. येथें एका वाचनाचे धडे घेणारीं सर्व मुलें एकदम पुस्तक उघडीत. एक मोठ्यानें वाची, बाकीचीं मनांत वाचीत. आधीं भिंतीवरील तक्त्यावर अक्षरें, मग अक्षरसमूह, मग पुस्तक असा क्रम असे. वाचन साधल्यावर लेखन येई. अंकगणितांत बारा दनिएंचा एक सोल व वीस सोलांचा एक लिव्हर हा व्यवहारांतील हिशेब शिकवीत. आपल्याकडे १९५७ पर्यंत चाललेल्या रुपये, आणे, पै यांच्या हिशेबासारखाच तो होय. मोठीं मुलें हस्तलिखित पावत्या व करारनामे वाचावयास शिकत, कारण कागद वाचतां न येणारा गरीब मनुष्य सहज फसविला जातो. शिक्षक फार बोलत नसत. लांकडी खुणेच्या आवाजावर वर्ग चाले. सकाळची न्याहारी वर्गांतच होई, आणि ज्यांजवळ भाकरी असे तीं मुलें नसणाऱ्यांसाठीं टोपलींत वांटा टाकीत. धर्मपाठ व शिष्टाचार हीं या शिक्षणाचीं मुख्य अंगें होतीं.

वाचनाचा आरंभ लॅटिनांत करावा अशी तेव्हांची रूढि. ला साल यांनीं तो फ्रेंचमध्यें केला. शार्त्रचे बिशप त्यांचे स्नेही असूनहि त्यांस हें पटेना. ला साल यांचें उत्तर सरळ होतें: गरिबाचें मूल शाळेंत थोडींच वर्षें राहतें, लॅटिन अर्धवट टाकून गेलेल्यास कोणतीच भाषा वाचतां येत नाहीं, स्वभाषा शिकलेल्यास मात्र ती जन्मभर उपयोगी पडते.

१६८८ सालीं ते पॅरिसला गेले. तेथें फी घेऊन लेखन शिकविणाऱ्या शिक्षकांच्या संघानें त्यांस न्यायासनासमोर खेंचलें. १७०४ सालीं शाळेचें सामानहि जप्त झालें. त्यांनीं कटु शब्द काढला नाहीं, आणि कामहि सोडलें नाहीं. १७०५ सालीं रुआंनजीक सेंट-यों येथें त्यांनीं नवें ठाणें वसविलें, व तेथें व्यापारोपयोगी विषयांची शाळा चालविली. १७१७ सालीं संघाचें प्रमुखपद दुसऱ्याच्या हातीं देऊन ते साधे बंधु म्हणून राहिले. ता. ७ एप्रिल १७१९, शुभ शुक्रवारीं, त्यांनीं देह ठेविला. १९०० सालीं पोप तेरावे लिओ यांनीं त्यांस संतपद दिलें, व १९५० सालीं पोप बारावे पायस यांनीं त्यांस शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केलें.

विद्यार्थी मित्रहो, ला साल यांच्यापाशीं जें होतें तें त्यांनीं एकदम दिलें नाहीं. प्रथम थोडा वेळ दिला, मग पंक्तींतील जागा, मग घर, मग पद, आणि शेवटीं धन. एक पाऊल टाकलें म्हणजे पुढचें दिसे, आणि तें दिसल्यावर ते मागें फिरत नसत. पहिल्या इयत्तेंतील पहिला धडा वाचतांना आपण त्यांचें स्मरण करावें. आणि शेजारी बसलेल्या मुलाजवळ पुस्तक नसेल तर आपलें मध्यें ठेवावें, इतकेंच आमचें मागणें आहे.