जुहूच्या चिखलातली शिस्त

जे. आर. डी. टाटा यांचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांसमोर एअर इंडियाचे भले मोठे विमान येते आणि त्याच्या दारात कमरेत वाकून उभा असलेला महाराजा. मला मात्र ओढ वाटते ती त्याआधीच्या चिमुकल्या कंपनीची. दोन विमाने, मूठभर माणसे आणि जुहूच्या किनाऱ्यालगत झावळ्यांनी शाकारलेली एक शेड, एवढाच तिचा संसार होता.

ही ओढ माझ्या व्यवसायामुळे आहे. चार्टर विमाने चालवणाऱ्या लहान कंपन्यांना ऑपरेशन्स मॅन्युअल तयार करून देण्याचे काम मी करतो. काम तसे रुक्ष. कंपनी उड्डाण कसे करणार, विमानात किती वजन घेणार, किती इंधन राखून ठेवणार, वैमानिकाने किती तास काम करायचे, हवा किती बिघडली की उतरायचे नाही, हे सारे या ग्रंथात लिहावे लागते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तो तपासल्याशिवाय व्यवसायाचा परवाना मिळत नाही. त्यामुळे पुष्कळ मालकांच्या लेखी मॅन्युअल म्हणजे परवान्यासाठी जोडायचा आणखी एक कागद. जेआरडींचे चरित्र मला या कामात हाताशी लागते ते नेमके इथे.

त्यांचा जन्म पॅरिसचा, २९ जुलै १९०४ चा. आई सुझान फ्रेंच, वडील रतनजी दादाभाई टाटा जमशेटजींच्या नात्यातले. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर त्यांचे सुटीतले घर होते आणि इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरियो तिथे शेजारी होते. विमानाचे वेड या मुलाला तिथेच लागले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला परवाना, क्रमांक एक.

पुढे आगाखानांनी भारत ते इंग्लंड असा प्रवास एकट्याने करणाऱ्या भारतीय वैमानिकासाठी बक्षीस लावले. जेआरडी इकडून निघाले, तर अस्पी इंजिनियर नावाचा तरुण तिकडून. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून पडले होते. जेआरडींकडे जादा प्लग होते, ते त्यांनी देऊन टाकले. शर्यत अस्पींनी जिंकली आणि पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. या प्रसंगातली दिलदारी सर्वांना दिसते. मला त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसते. जेआरडींनी सुटे प्लग बरोबर घेतले होते! निघण्यापूर्वी काय काय बिघडू शकेल याचा विचार कोणीतरी बसून केला होता. मॅन्युअल म्हणजे तरी दुसरे काय?

हवाई टपालाची कल्पना मूळची नेव्हिल व्हिन्सेंट यांची. ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडून ते भारतात आले होते. इम्पीरियल एअरवेजचे विलायतेहून येणारे टपाल कराचीपर्यंत पोहोचत असे. तिथून ते अहमदाबाद, मुंबई, बेल्लारीमार्गे मद्रासला न्यायचे, अशी त्यांची योजना. टाटांनी सुमारे दोन लाख रुपये घातले. सरकारने अनुदान नाकारले, तेव्हा नेलेल्या टपालाच्या वजनावर पैसे घेऊन काम करायची तयारी त्यांनी दाखवली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडींनी स्वतः कराचीहून पस मॉथ विमान उडवले. एक इंजिन, रेडिओ नाही, वाटेत मार्ग दाखवणारी यंत्रणा नाही. अहमदाबादेत पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी विमान जुहूला उतरले आणि तिथून टपाल पुढे नेले ते व्हिन्सेंटनी.

जुहूचे ते मैदान म्हणजे चिखलाची सपाटी. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई. मग विमाने, माणसे, हत्यारे असे सारे बिऱ्हाड पुण्याला हलवून येरवडा तुरुंगाच्या सावलीतल्या एका मैदानातून उड्डाणे होत. तरीही पहिल्या वर्षात कंपनीने एक लाख साठ हजार मैल उड्डाण केले, १५५ प्रवासी नेले आणि साठ हजार रुपये नफा मिळवला. सरकारी अहवालाने तिच्या वक्तशीरपणाची खास वाखाणणी केली.

हा वक्तशीरपणा शौर्याने आलेला नाही. पावसाळ्यात जुहू चालणार नाही हे मान्य करून पुण्याची सोय लावण्यातून तो आला. आपल्या जागेचे, आपल्या हवेचे, आपल्या माणसांचे नियम ज्याचे त्यानेच ओळखावे लागतात.

हे सांगण्याची वेळ दोन वर्षांपूर्वी आली. एका छोट्या कंपनीच्या मालकांनी माझ्यापुढे दुसऱ्याच कुठल्या तरी मोठ्या कंपनीचे मॅन्युअल ठेवले. फक्त नाव बदलून द्या, एवढेच काम होते. त्यात पंखांवरचा बर्फ काढण्याची पाने होती, कोकणातल्या आषाढाविषयी अक्षर नव्हते. उड्डाण नियोजनाचा स्वतंत्र विभाग कागदावर होता, प्रत्यक्षात एक मुलगा आणि त्याचा फोन. ती पाने काढणे सोपे गेले. अडले ते एका वाक्यावर. हवा खराब असेल तर उतरायचे की परतायचे, हा निर्णय वैमानिकाने व्यवस्थापनाशी विचारविनिमय करून घ्यावा, असे मालकांना हवे होते. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. मागच्या आसनावर मंत्री किंवा बडे कारखानदार असतात, विमान परत फिरले तर गिऱ्हाईक जाते.

पण पुढच्या आसनावर नोकरीचे पहिले वर्ष काढणारा, कर्ज काढून वैमानिक झालेला मुलगा असतो. मालकाचा फोन आल्यावर त्याने नाही कसे म्हणायचे? म्हणून मी लिहिले की निर्णय एकट्या वैमानिकाचा, आणि परत फिरल्याबद्दल त्याचा पगार कापला जाणार नाही की त्याचे उड्डाण काढून घेतले जाणार नाही. मालकांनी ते पान दोन दिवस अडवून धरले. मग मी त्यांना जेआरडींची गोष्ट सांगितली. त्या कंपनीत नियम करणारा माणूस स्वतः त्या आसनावर बसत होता. आपण बसत नाही, तेव्हा निदान बसणाऱ्याचा शब्द आपण शेवटचा मानावा. त्यांनी सही केली.

जेआरडींच्या पुढच्या आयुष्यातही हा धागा तुटला नाही. १९३८ मध्ये चौतिसाव्या वर्षी ते टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. १९४२ मध्ये व्हिन्सेंट युद्धात गेले आणि कंपनीचा जनक हरपला. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस लंडनला झेपावली. १९५० मध्ये तेच विमान आल्प्समध्ये माँ ब्लाँवर कोसळले आणि त्यातले सर्व ४८ जण दगावले. आकाश कोणाचीच भीड धरत नाही. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतरही ते विनावेतन अध्यक्ष राहिले. प्रवास करताना चहाचा रंग, पडद्याची घडी, आसनाची पाठ, सारे टिपून ते अधिकाऱ्यांना टिपणे पाठवीत. १९७८ मध्ये सरकारने त्यांना दूर केले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले, आणि २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली.

पंधरा ऑक्टोबर १९८२ ला, पहिल्या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवात, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी लेपर्ड मॉथ विमान घेऊन कराचीहून मुंबईला एकटे आले. आपल्याला त्यात हौस दिसते. माझ्यासारख्याला दिसतो तो इंधनाचा हिशेब, हवेचा अंदाज आणि मध्येच परत फिरायची मनाची तयारी. ही तयारी ठेवणाऱ्या माणसाच्या पाठीशी कंपनी उभी आहे, एवढे जरी मॅन्युअलमध्ये खरेपणाने लिहिलेले असले, तरी बाकीची पाने सार्थकी लागतात.